घरच्या नवीन पीसीला विंडोज होम टाकू की प्रो? आणि हे सिंगल लँग्वेज काय प्रकरण आहे?

खिडकीतला_उंदीर

नमस्कार मंडळी, चार दिवस वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झालाय म्हणून शेवटी इथे विचारतोय. घरचा डेस्कटॉप बदलायची वेळ आली. त्यात विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मग ११ टाकायला गेलो तर तो तपासणारा प्रोग्राम म्हणतो तुमचा प्रोसेसर चालणार नाही. इंटेलचा सातव्या पिढीचा आय ५ आहे आणि त्यांना आठवी पिढी लागते, म्हणजे एका पिढीने हुकलो राव. तर आता बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं नवीन आणलंय आणि एक मित्र जुळवून देणारेय.

आता मित्राचं म्हणणं असं की टाकायचं तर प्रोच टाक, होम म्हणजे अर्धवट व्हर्जन असतं, प्रो फास्ट पण चालतं. मला ते फास्टचं काही पटलं नाही पण त्याला जास्त कळतं असं धरून गप्प बसलो.

आमचा वापर सांगतो. मुलीचा अभ्यास आणि अभ्यासापेक्षा जास्त गेम, बायकोचं थोडंफार मराठी टायपिंग (तिचं ऑफिसचं काम कंपनीच्या लॅपटॉपवर होतं, ते वेगळं), माझं फोटो-व्हिडिओ एडिटिंग, आणि हल्ली कोडिंग शिकतोय तर लिनक्सचं टर्मिनल आणि डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवायचं साधन) लागतं. बाहेर असताना घरचा पीसी उघडून एखादी फाइल घेता आली तर सोन्याहून पिवळं.

आणि एका ठिकाणी होम सिंगल लँग्वेज असं पण दिसलं. त्यात मराठी टाइप करता येत नाही का? मग काय उपयोग?

जुना_डबा

सगळ्यात आधी ते फास्टचं भूत उतरवा. होम आणि प्रो आतून एकच आहे, तेच कर्नल (म्हणजे गाभा), तेच ड्रायव्हर, इन्स्टॉल करायची आयएसओ फाइलसुद्धा एकच, त्यात दोन्ही एडिशन असतात आणि तुमची की (लायसन्सचा कोड) कुठली आहे त्यावर कुलपं उघडतात. गेमला एक फ्रेम जास्त मिळणार नाही की व्हिडिओ एक मिनिट आधी निघणार नाही.

हा गैरसमज आला कुठून ते मला पक्कं माहितीये कारण मी पण त्याच काळातला. विंडोज ७ च्या वेळी स्टार्टर, होम बेसिक, होम प्रीमियम, प्रोफेशनल, अल्टिमेट अशी अख्खी उतरंड होती, स्टार्टरमध्ये तर वॉलपेपर पण बदलता यायचा नाही! मग ज्याच्या त्याच्याकडे अल्टिमेट. कशाला हवं ते कुणालाच माहीत नसायचं, पण नावात अल्टिमेट आहे ना, झालं. तीच सवय आता प्रोवर येऊन बसलीये.

प्रोमध्ये जास्तीचं काय मिळतं तर पूर्ण बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारा), ग्रुप पॉलिसी (विंडोजचे आतले नियम बदलायची जागा), बाहेरून रिमोट डेस्कटॉपने आत येता येणं, हायपर-व्ही (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवायला), सँडबॉक्स, आणि कंपनीच्या डोमेनला (मध्यवर्ती नेटवर्कला) जोडता येणं. बाकी मग रॅमची मर्यादा, होमला १२८ जीबी आणि प्रोला २ टीबी, आणि होम एकाच प्रोसेसर सॉकेटवर चालतं तर प्रो दोनवर. घरच्या डब्यात १२८ जीबीच्या वर रॅम घालणारा कुणी असेल तर त्याने इथे प्रश्न विचारू नये, आम्हालाच उत्तरं द्यावीत.

तुमची यादी बघता होम पुरेसं आहे असं मला वाटतं. फक्त तो रिमोटचा मुद्दा आहे, त्यावर बाकीचे बोलतीलच.

रातपाळी

मी जरा उलटं बोलतो. डब्याचं सगळं खरंय पण ग्रुप पॉलिसी एका ओळीत उडवली ते नाही पटलं. एकदा रात्रभर व्हिडिओ रेंडरला लावून झोपलो होतो, साडेचार तासांचं काम, सकाळी उठून बघतो तर लॉगिन स्क्रीन, रात्री अपडेट होऊन मशीन रीस्टार्ट झालेलं आणि फाइल अर्धी. चूक माझीच, अपडेट चार दिवस आधीपासून उंबरठ्यावर उभं होतं आणि मी रोज नंतर नंतर करत होतो. पण त्यानंतर प्रो घेतलं, ग्रुप पॉलिसीत जाऊन अपडेट कधी घ्यायचं ते माझ्या हातात ठेवलं, दर महिन्याचे सिक्युरिटी अपडेट ३० दिवसांपर्यंत आणि मोठं वार्षिक अपडेट ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतं. होमवाल्यांना पॉज करायचं तेवढं पाच आठवडे मिळतं, मग आधी अपडेट घ्या आणि मगच पुन्हा पॉज.

सँडबॉक्स पण मस्त आहे. संशयास्पद फाइल आली की सँडबॉक्स उघडायचा, त्यात चालवून बघायची, बंद केला की सगळं पुसलं जातं, जणू काही झालंच नाही. तुम्ही शिकताय, एडिटिंग करताय, रिमोट पण हवंय. घ्या प्रो, एकदाच काय ते.

बॅकस्पेस

रातपाळी, तुमच्या रेंडरला प्रोची गरज नव्हती हो, ॲक्टिव्ह अवर्सची होती. अपडेटच्या सेटिंगमध्ये तुम्ही स्वतः वेळ टाकू शकता, १८ तासांपर्यंत, तेवढ्यात ते आपणहून रीस्टार्ट करत नाही, संध्याकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा टाकलं असतं तर फाइल वाचली असती. होममध्ये पण आहे ते.

आता मूळ प्रश्नातला रिमोट. यात लोक कायम गोंधळतात म्हणून नीट लिहितो. रिमोट डेस्कटॉपला दोन टोकं असतात, ज्या मशीनवर तुम्ही बसलाय ते आणि ज्यात घुसायचंय ते. बसलेल्या टोकाला काहीही चालतं, होम, फोन, मॅक. ज्यात घुसायचं त्याला प्रो लागतं. म्हणजे ऑफिसच्या लॅपटॉपवर प्रो आहे म्हणून घरच्या होममध्ये शिरता येईल असं होत नाही, उलटं मात्र होतं.

पण एका फाइलसाठी एवढं कशाला? क्रोम रिमोट डेस्कटॉप टाका, पिन लावा, समोर कुणी नसताना पण उघडतं आणि होमवर बिनधास्त चालतं. रस्टडेस्क आहे, एनीडेस्क आहे. आणि घरी कुणी समोर बसलेलं असेल तर विंडोजमध्येच क्विक असिस्ट आहे, तुम्ही कोड सांगायचा, समोरच्याने टाकायचा, झालं. प्रो घेऊन रिमोट डेस्कटॉप चालू करणारे पुढे काय करतात ते मी बघितलंय, राउटरमध्ये ३३८९ पोर्ट सरळ इंटरनेटला उघडा टाकतात. कृपया असं करू नका. दार उघडं टाकून गावाला जाण्यातला प्रकार आहे, दिवसभर कुणी ना कुणी पासवर्ड ढकलून बघत असतं. व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) असेल तरच.

कोडिंगचं टेन्शन तर घेऊच नका. लिनक्सचं टर्मिनल म्हणजे डब्ल्यूएसएल २, ते होमवर पूर्ण चालतं, आणि डॉकर डेस्कटॉप त्याच्यावरच बसतं. हायपर-व्हीचं जे मॅनेजर आहे ते होमला मिळत नाही पण व्हर्च्युअल मशीनच हवं असेल तर व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. मी स्वतः तीन वर्षं होमवर डॉकर चालवतोय, आजवर प्रो नाही म्हणून काही अडलं नाही.

सुसाट_पंखा

एवढी चर्चा कशाला, एलटीएससी टाका, विंडोजचीच आणखी एक एडिशन आहे. स्टोअर नाही, जाहिराती नाहीत, दर वर्षी मोठं अपडेट नाही. एकदम हलकं. माझ्या भावाकडे आहे, मक्खन चालतं.

जुना_डबा

पंख्या, एलटीएससी एकट्यादुकट्या माणसाला विकतच नाहीत, ते कंपन्यांच्या व्हॉल्यूम (घाऊक) लायसन्सने मिळतं. भावाने कुठून ॲक्टिव्हेट केलं ते इथे विचारत नाही. एटीएम, कारखान्यातली यंत्रं, हॉस्पिटलची उपकरणं असल्या ठिकाणासाठी आहे ते, जिथे वर्षानुवर्षं काही बदलायचंच नसतं. मुलीला स्टोअरवरचे गेम लागले की स्टोअरच्या मागे धावत बसावं लागेल.

आणि ओघात सांगतो, ऑनलाइन अगदी मातीमोल भावात प्रोच्या की मिळतात त्या पण अशाच कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम की असतात बऱ्याचदा. आज ॲक्टिव्हेट होते, आठ महिन्यांनी की ब्लॉक, आणि खाली उजव्या कोपऱ्यात ॲक्टिव्हेट विंडोजचा वॉटरमार्क हजर. मग भांडणार कुणाशी?

निळी_शाई

मला एक वेगळं सांगायचंय. सगळे म्हणतायत बिटलॉकर प्रोमध्ये असतो, होममध्ये नाही. कागदावर बरोबर. पण माझ्या मामेबहिणीच्या लॅपटॉपचं ऐका.

विंडोज ११ होम. बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामचा) अपडेट आला, तिने केला, मशीन रीस्टार्ट झालं आणि समोर निळी स्क्रीन, वर बिटलॉकर रिकव्हरी लिहिलेलं, खाली एक रिकामी चौकट आणि ४८ आकडी की टाका म्हणून सूचना. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. तिने मला फोन केला, मी मोठ्या ऐटीत म्हटलं अगं होममध्ये बिटलॉकर नसतोच, नीट वाच. ती म्हणाली ताई, मला वाचता येतं.

नंतर कळलं की होममध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाचं जे असतं ते आतून बिटलॉकरच आहे, फक्त प्रोसारखी सगळी बटणं दिलेली नसतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होऊ शकतं आणि की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. तिचं अकाउंट घरातल्याच कुणीतरी पहिल्या दिवशी घाईघाईत बनवलेलं, ईमेल आयडी काहीतरी भलताच, पासवर्ड कुणाला आठवत नाही, रिकव्हरीला दिलेला फोन नंबर बंद पडलेला. दोन दिवस डोकं आपटलं. शेवटी सगळं पुसून नवीन विंडोज टाकलं. पाच वर्षांचे फोटो गेले. मी सांगत होते गं बॅकअप घे म्हणून, पण ते आता बोलून काय.

आणि हे फक्त तयार लॅपटॉपचंच नाही, २०२४ मध्ये जे २४एच२ व्हर्जन आलं त्यात अटी सैल केल्या त्यांनी, त्यामुळे घरी जुळवलेल्या डेस्कटॉपवर नवीन इन्स्टॉल केलं तरी हे चालू होऊ शकतं. तर उंदीरराव, होम घ्या नाहीतर प्रो घ्या, पहिल्या दिवशी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा, असेल तर अकाउंटमधून ते ४८ आकडे कागदावर उतरवून ठेवा. कागदावर, त्याच कॉम्प्युटरमध्ये फाइल करून नाही. हसू नका, आमच्याकडे एकाने तसंच केलं होतं.

खिडकीतला_उंदीर

बाप रे निळी शाई, हे माहीतच नव्हतं. आणि बॅकस्पेस, रिमोटचं कोडं सुटलं, क्रोमवालंच बघतो.

म्हणजे होम नक्की झालं समजा. आता एक डोक्यात आलं, जुन्या डेस्कटॉपवर जे विंडोज १० आहे ते मी तेव्हा वेगळं विकत घेतलं होतं, छोट्या खोक्यात पेनड्राइव्ह आणि आत की छापलेलं कार्ड. ते कार्ड फायलीत सापडलं पण! ते नवीन मशीनला चालेल का? का तेही जुन्या बोर्डाबरोबर गेलं?

जुना_डबा

अहो मग हे आधी सांगायचं ना! खोक्यातलं असेल तर बहुतेक रिटेल आहे, आणि रिटेल लायसन्स एका मशीनवरून दुसऱ्यावर नेता येतं, फक्त एका वेळी एकावरच. मशीनबरोबर येतं ते ओईएम, ते त्या बोर्डाला बांधलेलं असतं, बोर्ड मेला की सती गेलं म्हणायचं.

खात्री करून घ्या. जुन्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश डीएलआय असं द्या. एक छोटी खिडकी येईल. त्यात काय लिहून येतंय ते इथे टाका, शेवटचे पाच अक्षरं सोडून.

खिडकीतला_उंदीर

केलं. पहिल्या ओळीत कोअर एडिशन असं येतंय, खाली रिटेल चॅनल, आणि लायसन्स्ड. पण हे कोअर काय? मी तर होम घेतलं होतं. फसवलं की काय कुणी?

बॅकस्पेस

कोणी फसवलं नाही, होमचं आतलं नावच कोअर आहे. सिंगल लँग्वेज असतं तर कोअर सिंगल लँग्वेज आलं असतं, प्रोला प्रोफेशनल येतं.

एक मात्र बघा, त्या खिडकीतली शेवटची पाच अक्षरं आणि कार्डावरची शेवटची पाच एकच आहेत का. ज्यांना विंडोज ७ किंवा ८ वरून १० फुकट मिळालं होतं त्यांच्याकडे पण रिटेल चॅनल असंच दिसतं, पण ती की सगळ्यांना एकच वाटलेली असते, होमची असेल तर शेवट ८एचव्हीएक्स७ असा. तो शेवट दिसला तर त्या रिटेल शब्दाला काही अर्थ नाही.

खिडकीतला_उंदीर

नाही नाही, कार्डाशी जुळतात पाचही. तीनदा चष्मा पुसून बघितलं.

जुना_डबा

मग पार्टी तुमच्याकडून. विंडोज १० होमची रिटेल की ११ होमला चालते, नवीन काही घ्यायची गरजच नाही. जुन्या मशीनवर एसएलएमजीआर स्लॅश यूपीके देऊन की काढून टाका, मग नवीनवर टाका. ॲक्टिव्हेशनला कुरकूर केलीच तर सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट आहे, त्यात मी नुकतंच हार्डवेअर बदललंय असा पर्याय निवडायचा, त्यासाठी जुनं लायसन्स आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असलेलं बरं. म्हणजे की काढायच्या आधी ते करा.

इन्स्टॉल करताना एका जागी घसरू नका. की विचारते तिथे बरेच जण माझ्याकडे की नाही म्हणून पुढे जातात, मग एडिशनची लांबलचक यादी येते, होम, होम एन, होम सिंगल लँग्वेज, एज्युकेशन, प्रो, प्रो एन, प्रो फॉर वर्कस्टेशन्स. बोट सवयीने प्रोवर जातं. मग होमची की घालत बसायचं आणि ती घेत नाही. होमवरून प्रोवर जाणं सोपं आहे, सेटिंग्जमध्ये की बदलली की झालं, फाइली जागच्या जागी राहतात. प्रोवरून होमवर यायचं तर सगळं पुसून परत श्रीगणेशा. मी हे केलेलं आहे, दोनदा, दुसऱ्यांदा का केलं ते विचारू नका. तुम्ही तिथेच कार्डावरची की टाका म्हणजे यादी येणारच नाही. एनवाल्या एडिशन युरोपातल्या एका निकालामुळे आहेत, त्यात मीडिया प्लेअर नसतो, तिकडे फिरकूच नका.

निळी_शाई

सिंगल लँग्वेजचं कुणी सांगितलंच नाही की त्यांना. त्यात फक्त मेनू, सेटिंग्ज वगैरे ज्या भाषेत दिसतात ती भाषा एकच ठेवता येते. टायपिंगचा काही संबंध नाही, मराठी कीबोर्ड कुठल्याही एडिशनमध्ये जोडता येतो. भाषांमध्ये मराठी ॲड करायची, मग तिच्या ऑप्शन्समध्ये कीबोर्ड. मूळचा इनस्क्रिप्ट असतो, पण मराठी फोनेटिक पण आहे, विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून. उच्चाराप्रमाणे टाइप करायचं. ताईंना सवय कशाची आहे बघा, इनस्क्रिप्टवाली माणसं फोनेटिकला हात लावत नाहीत आणि फोनेटिकवाली इनस्क्रिप्टला. आमच्या घरात यावरून बोलणं बंद झालेलं आहे.

मुलीला वेगळं अकाउंट द्या आणि ॲडमिन ठेवू नका. फॅमिली सेफ्टी होमवर पण चालतं, स्क्रीन टाइम लावता येतो.

रातपाळी

बरं मी हरलो. पण जुनं मशीन फेकू नका. सातव्या पिढीचा आय ५ म्हणजे अजून दणकट आहे, लिनक्स मिंट टाका, २२ व्हर्जन २०२९ पर्यंत सपोर्टमध्ये आहे. आता तिथेही एडिशन आहेतच म्हणा, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई, पण तिथे किल्ल्या नाहीत, सगळं फुकट. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन, ४ असेल तर एक्सएफसीई. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कला हात न लावता सगळं दिसतं, वायफाय-प्रिंटर चालतायत का ते कळतं. लायसन्स तर काढूनच घेताय तिथून, रिकामं ठेवून काय करणार.

खिडकीतला_उंदीर

झालं मंडळी! चार दिवस लागले कारण मित्राला वेळ नव्हता. पहिल्यांदा पेनड्राइव्ह लावला तर ११ म्हणालं या मशीनवर चालत नाही, पोटात गोळाच आला, नवीन बोर्ड आणि चालत नाही? मग बायोसमध्ये बघितलं तर टीपीएम (११ ला लागणारी सुरक्षेची सोय) बंद होतं, नुसतं चालू करायचं होतं. की कार्डावरून टाकली, यादी आलीच नाही. ॲक्टिव्हेशनला एकदा नाही म्हणालं, मग ट्रबलशूटमधून गेलं.

आणि निळी शाई, तुमचे आभार कसे मानू. डिव्हाइस एन्क्रिप्शन खरंच चालू झालेलं होतं, मी काहीही न करता. ४८ आकडे दोन कागदांवर उतरवलेत, एक माझ्या फायलीत, एक बायकोच्या. ती म्हणाली एवढा मोठा फोन नंबर कुणाचा.

जुन्यावर मिंट सिनॅमन चाललंय, मुलीने त्यावर ताबा मिळवला कारण तिथे स्क्रीन टाइम लावलेला नाही हे तिला माझ्याआधी कळलं.

मित्र काल पंख्याची वायर नीट करायला आला होता. चालू करून बघितलं, चार-पाच गोष्टी उघडल्या आणि म्हणाला बघ, सांगितलं होतं ना, प्रोचा स्पीडच वेगळा.

जुना_डबा

सांगू नका त्याला.